फिट दिसते कशी

वंदनाला लहानपणापासून फिटा यायच्या; पण फिट दिसते कशी, हे तिला बेचाळिसाव्या वर्षी कळलं, आणि तेही मांजरीमुळे.

आष्टीत बाजाराच्या मागच्या गल्लीत ती शिवणकाम करायची. रस्त्याच्या बाजूला मशीन, कापड बेतायचं टेबल आणि मोठा आरसा. मध्ये जुन्या साडीचा पडदा. पडद्यामागे गॅसची शेगडी, पलंग आणि तिचं एकटीचं बिऱ्हाड. ब्लाउज शिवावा तर वंदनाकडूनच, असं आसपासच्या खेड्यांतल्या बायाही म्हणायच्या. लग्नसराईत तिला जेवायला सवड मिळायची नाही. बाया यायच्या, मापं द्यायच्या, घरचं सगळं सांगायच्या आणि ब्लाउज घेऊन जायच्या. वंदना ऐकून घ्यायची. स्वतःचं मात्र काही सांगायची नाही. नवरा कुठं असतो, असं सुरुवातीला दोघीतिघींनी विचारलं होतं. "न्हाई पटलं," एवढं बोलून तिनं तोंडात टाचण्या धरल्या होत्या. तोंडात टाचण्या धरलेल्या बाईला पुढचं कोण विचारणार?

मांजर आली ती तीनेक वर्षांपूर्वी. अस्तराच्या कापडाचा गठ्ठा सोडला तर आत मुठीएवढं करडं पिल्लू झोपलेलं. कुठून आत शिरलं, त्याची आई कोण, काही पत्ता नाही. वंदनानं त्याला दूध दिलं आणि दाराबाहेर ठेवलं. ते परत आत आलं आणि त्याच गठ्ठ्यावर जाऊन बसलं. तेव्हापासून तिचं नाव अस्तर. घरमालकीण उषाबाई हसून म्हणाली होती, "मांजरीचं नाव कोणी असं ठिवतं का वो, ताई?" पण नाव चिकटलं ते चिकटलंच.

अस्तर दिवसभर टेबलाखाली चिंध्यांच्या टोपलीत झोपायची. मशीन चाललं की तिला गाढ झोप लागायची आणि मशीन थांबलं की जाग यायची. संध्याकाळी गिऱ्हाईक संपलं, दार लोटलं, की वंदना तिच्याशी बोलायची. आज अमकीनं गळा खोल सांगितला आणि शिवल्यावर रडली, तमकीचं माप दोन महिन्यांत वाढलं, असलं काहीबाही. मांजर डोळे मिचकावून ऐकायची. वंदनाला तेवढं पुरायचं. निदान आपल्याला पुरतं, असं ती धरून चालली होती.

उन्हाळ्याच्या सुरुवातीला अस्तर जरा वेगळी वागायला लागली. मध्येच भिंतीकडे टक लावून बसायची. हाक मारली तरी कान हलायचा नाही. एक गाल बारीक उडायचा, माशी बसल्यासारखा, आणि तोंडातून लाळेचा धागा लोंबायचा. घटकाभरात सगळं जागेवर. वंदनाला वाटलं, भिंतीवर पाल दिसत असेल. मग वाटलं, दात दुखत असेल. तिनं तोंड उघडून पाहिलं. दात चांगले पांढरेशुभ्र होते.

मग एका दुपारी ती काजं करत बसली होती. टेबलाखालून ठकठक आवाज आला. खाली वाकून पाहिलं तर अस्तर टोपलीतून बाहेर पडून एका कुशीवर पडली होती आणि तिचं डोकं टेबलाच्या पायावर आपटत होतं. चारही पाय ताठ झाले आणि मग पळत असल्यासारखे हवेत चालायला लागले. डोळे सताड उघडे, बाहुल्या एवढ्या मोठ्या की डोळ्यात दुसरं काही उरलंच नव्हतं. तोंडाला फेस. खाली लघवी पसरत होती.

वंदना "अगं, अगं" म्हणत खाली बसली. तिचा हात उठला तो आपोआप पडद्याकडे, शेगडीजवळच्या कांद्याच्या परडीकडे. आणि तिथंच थांबला.

कांद्याचा तो वास तिला ठाऊक होता. शुद्धीवर येताना सगळ्यात आधी तोच यायचा. कधी कांद्याचा, कधी चपलेच्या चामड्याचा. दात खिळू नयेत म्हणून कुणीतरी तोंडात चमचा घातलेला असायचा आणि पुढं दोन दिवस जीभ सुजलेली. डॉक्टरांनी आईला किती वेळा बजावलं होतं, तोंडात काही घालू नका, हातपाय दाबून धरू नका, नुसतं कुशीवर वळवा आणि आजूबाजूचं सामान बाजूला करा. आईनं ते ऐकलं होतं. शेजाऱ्यांनी कधीच ऐकलं नाही.

वंदनानं टेबल ओढून बाजूला केलं. कात्री, इस्त्री, टाचण्यांचा डबा, सगळं लांब सरकवलं. मांजरीच्या डोक्याखाली चिंध्यांची घडी सारली आणि हात मागे घेतला. मग तिला बघण्याशिवाय दुसरं काम उरलं नाही.

ती बघत राहिली. हे असं होतं तर. हे असं आपलं व्हायचं. आई "काही न्हाई गं, जरा चक्कर आल्ती" म्हणायची, आणि तिनं ते खरं मानलं होतं. आपण झोपेत पडल्यासारखं नुसतं पडून राहत असू, असंच तिला वाटायचं. हा फेस, हे आपटणं, हे दुसऱ्याच कुणाचे झालेले डोळे तिला कुणी कधी सांगितले नव्हते.

थोड्या वेळानं पाय मंद झाले. अस्तर धापा टाकत पडून राहिली. मग उठली, लडखडली आणि भिंतीवर जाऊन आदळली. वंदनानं हलक्या आवाजात हाक मारली. मांजरीनं तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत ओळख नव्हती. ती खोलीभर गोल गोल फिरत राहिली आणि शेवटी पलंगाखाली अंधारात शिरली. वंदना फरशी पुसून पलंगाशेजारी बसली. मशीनवरचा ब्लाउज तसाच पडून होता.

तिचं माहेर घनसावंगीचं. वडील अण्णासाहेब प्राथमिक शाळेत मास्तर. भगत, अंगारा, उतारा यांतलं काही त्यांनी घरात येऊ दिलं नाही. मुलीला ते जालन्याच्या डॉक्टरकडेच नेत राहिले. लग्न ठरवताना त्यांनी मधल्या माणसाला आजाराचं स्पष्ट सांगितलं होतं. मधल्या माणसानं ते पुढं पोचवलं नाही. वाटूरला सासरी वर्ष भरायच्या आत तिला स्वयंपाकघरात फिट आली. शुद्धीवर आली तेव्हा अंग पाण्यानं ओलं होतं आणि दारात सासू उभी होती. तिनं पदर तोंडावर दाबून धरला होता. दुसऱ्या दिवशी सासऱ्यांनी वंदनाला माहेरी आणून सोडलं. सासूच्या डोळ्यांतली ती भीती तिनं इतकी वर्षं राग म्हणून जपून ठेवली होती. आता मांजरीच्या शेजारी बसल्यावर तिला वाटलं, ती बाई घाबरली होती, बस. नुसती घाबरली होती. त्यानं राग कमी झाला असं नाही, पण तो कुठं ठेवावा हे तिला कळेना.

अण्णासाहेब गेले, मग आई गेली. भाऊ संघपाल नोकरीला पुण्यात. गोळी बदलून दिल्यापासून वंदनाच्या फिटा थांबल्या होत्या. गेल्या कित्येक वर्षांत एकही आली नव्हती. ओळखीचं कुणी नाही म्हणून तर ती आष्टीला आली होती. रात्रीची गोळी घेताना कुणी पाहिलंच तर "पित्ताची हाय" म्हणायची.

पुढच्या आठवड्यात बाजाराच्या दिवशी अस्तरला पुन्हा फिट आली, आणि यावेळी खोली माणसांनी भरलेली होती. दोन बाया मापं द्यायला आलेल्या. शिवण शिकायला येणारी साक्षी मशीनवर बसलेली. उषाबाई दाराशी चहाचा कप घेऊन. मांजर आरशासमोर पडली आणि हातपाय झाडायला लागली. बायांनी किंचाळत दार गाठलं.

"पिसाळलं!" उषाबाई ओरडली. "बाहेर व्हा समद्या! चावंल ते!"

"न्हाई चावत, मावशी. तिला शुद्ध न्हाई. लांब राहा फक्त."

"तुम्हाला काय म्हाईत? तोंडाला फेस आलाय, दिसत न्हाई का? साक्षी, ऊठ तिथून जल्दी!"

वंदनानं टेबल सरकवलं, खिडकीचा पडदा ओढला आणि मोबाइल काढून मांजरीचं चित्रण करायला लागली. जनावरांच्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांना तिनं आधीच विचारून ठेवलं होतं. ते म्हणाले होते, इथं गाई-म्हशींचं काम. मांजरीच्या रक्ताची तपासणी इथं व्हायची नाही. जालन्याला एक मॅडम आहेत, त्यांच्याकडे जा, आणि फिट आली तर तिचा व्हिडिओ काढून न्या, कारण दवाखान्यात नेल्यावर जनावर बिलकुल ठणठणीत दिसतं. दाराबाहेर उभ्या बायांना मात्र दिसलं ते एवढंच, की मांजर तडफडतीय आणि ही बाई फोटो काढून राह्यली.

संध्याकाळी उषाबाई आली आणि उंबऱ्याबाहेरच थांबली. "ताई, तेवढं मांजर कुठं तरी नेऊन सोडा. घरात लेकरं हायेत आमच्या. मी वाईट म्हणून सांगत न्हाई."

"उद्या जालन्याला नेते, मावशी. डॉक्टर काय म्हणत्यात ते बघू. मंग बोलू."

"मांजरीला जालन्याला?" उषाबाई तिच्याकडे बघत राहिली आणि निघून गेली.

सकाळी वंदनानं भाजीच्या प्लास्टिकच्या क्रेटमध्ये चादर अंथरली, वर दुसरा क्रेट उपडा घालून सुतळीनं बांधला आणि काळीपिवळी जीपनं परतूर गाठलं. तिथून जालन्याची बस. अस्तर सगळी वाट ओरडत होती. बसमध्ये शेजारच्या बाईनं कौतुकानं विचारलं, "कोंबड्या हायेत का?" वंदना "हो" म्हणाली.

डॉक्टर अर्पिता तिशीतली होती. दवाखाना लहान, भिंतीवर कुत्र्यांची चित्रं आणि फिनेलचा वास. तिनं आधी व्हिडिओ पाहिला, पुन्हा पाहिला, मग अस्तरला हळूच टेबलावर घेतलं. डोळ्यात उजेड टाकला, कान पाहिले, पाय दुमडून पाहिले.

"पडलीबिडली होती का कुठून? डोक्याला मार?"

"न्हाई."

"गोचिडाचं, पिसवांचं औषध लावलंत? कुत्र्याचं किंवा गुरांचं? पुष्कळजण लावतात. मांजराला ते विष असतं, त्यानंही असंच होतं."

"न्हाई लावलं. घरात कुत्रं न्हाई, ढोर न्हाई. मी आणि ती."

"उंदराचं औषध, शेतातली फवारणी?"

"ती बाहेर जातच न्हाई हो. फार तर ओट्यापर्यंत."

डॉक्टरनं रक्त काढलं. वंदनानं मांजरीचं डोकं तळव्यांत धरलं होतं. तपासणी यायला दुपार झाली. तोवर ती दवाखान्याच्या पायरीवर क्रेट शेजारी घेऊन बसून राहिली. डब्यातली पोळी तिनं अर्धीच खाल्ली.

डॉक्टरनं तिला आत बोलावलं. "साखर, लिव्हर, किडनी, सगळं व्यवस्थित आहे. पिसाळल्याचं तर काहीच लक्षण नाही. पिसाळलेलं जनावर फिट संपल्यावर असं शांत बसून राहत नाही. लस मात्र आज देऊन टाकू, शेजाऱ्यांनाही सांगता येईल. मेंदूचा फोटो काढायचा तर मोठ्या शहरात जावं लागेल. पण वय, व्हिडिओ आणि रक्त बघता मी हिला अपस्मार धरून औषध सुरू करते. तुम्ही भिंतीकडे बघते, गाल उडतो म्हणालात ना? त्या लहान फिटाच होत्या." तिनं चिठ्ठीवर लिहिलं. "या गोळीचा चतकोर, सकाळ-संध्याकाळ, ठरलेल्या वेळी."

वंदनानं चिठ्ठी वाचली. नाव ओळखीचं होतं. गेली कित्येक वर्षं ते नाव रोज तिच्या हातात येत होतं.

"हीच गोळी मी घेते," ती म्हणाली.

बोलून झाल्यावर तिलाच दचकायला झालं. आष्टीला आल्यापासून हे वाक्य ती कुणासमोर बोलली नव्हती.

डॉक्टरनं पेन खाली ठेवलं. तिच्या चेहऱ्यावर दया वगैरे काही दिसली नाही. ती थोडी सैल होऊन खुर्चीत मागे टेकली. "मग निम्मं सांगायचं काम वाचलं माझं. एकदम बंद करायची नाही, हे तुम्हाला माहीत आहे."

"म्हाईत हाय."

"पण तुमच्या पाकिटातली अंदाजानं द्यायची नाही. हिचा डोस वजनावर ठरतो आणि रक्त तपासून बदलतो. दोन-तीन आठवड्यांनी परत आणा. आधी ती झोपाळू होईल, चालताना झोकांड्या खाईल, भूक वाढेल. घाबरू नका. फिट चालू झाली की घड्याळ बघा. पाच मिनिटांच्या वर गेली, किंवा एका दिवसात पुन्हा पुन्हा आली, तर थांबायचं नाही, तडक घेऊन यायचं. पूर्ण थांबतीलच असं मी सांगत नाही. कमी होतील."

वंदनानं मान हलवली. मग विचारलं, "तिला दुखत असंल का हो?"

"शुद्ध नसते. बहुतेक कळत नसावं." डॉक्टर घुटमळली. "खरं तर तुम्हीच मला सांगू शकाल. तुम्हाला काय व्हायचं?"

"मला ते काहीच आठवत न्हाई. नंतरचं आठवतं. समदे वाकून बघत असायचे, ते."

डॉक्टरनं चिठ्ठीच्या खाली आणखी एक ओळ लिहिली आणि मोठ्यानं वाचून दाखवली. "फिटनंतर मांजरीभोवती गर्दी करू नये."

आष्टीला परत आल्यावर दुसऱ्याच दिवशी वंदना स्वतः उषाबाईकडे गेली. उषाबाई ओसरीवर शेंगा निवडत बसली होती.

"मावशी, पिसाळलेली न्हाई ती. डॉक्टरनं तपासलं, लस पण दिली. तिला फिटाचा आजार हाय. कोणाला लागत न्हाई तो. गोळ्या चालू केल्यात."

"जनावराला कुठं फिटा येत्यात?"

"येत्यात. माणसाला येत्यात तशाच."

"तुम्ही काही बी सांगा ताई, मला त्यातलं कळत न्हाई. पण घरात असलं ठिवू नये."

वंदना उभीच होती. पुढचं बोलायचं तिनं ठरवलेलं नव्हतं. "असलं म्हणजे काय, मावशी? मलाच हाय तो आजार. लहानपणापासून. इतकी वर्षं तुमच्या घरात राहून राह्यले. तुम्हाला काही झालं का?"

उषाबाईचे शेंगांवरचे हात थांबले. तिनं वंदनाकडे पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं, जणू कुणीतरी नवीन बाई भाड्यानं खोली मागायला आली होती.

"म्हणून नांदवलं न्हाई व्हय," ती शेवटी म्हणाली.

"हो."

"आधी सांगायचं होतं."

"आधी सांगितलं असतं तर खोली दिली असती का?"

उषाबाई पुन्हा शेंगा निवडायला लागली, आणि वंदना घरी आली.

खोली सोडा, असं उषाबाई कधी म्हणाली नाही. मांजरीचाही विषय तिनं पुन्हा काढला नाही. फक्त दुपारचा चहा घेऊन यायची ती यायची बंद झाली, आणि वंदनाच्या आजाराची गोष्ट गल्लीभर झाली. साक्षीच्या आईनं निरोप पाठवला की परीक्षा आहे, आता शिवणाला जमायचं नाही. परीक्षा संपली तरी साक्षी आली नाही. गिऱ्हाईक तुटलं नाही, कारण तसा ब्लाउज दुसरीकडे मिळत नव्हता; पण बाया माप देऊन लगेच निघायला लागल्या. गोष्टी सांगेनात. कुणी सांगायला लागलीच तर मध्येच अडखळून विचारायची, "तुम्हाला त्रास तर न्हाई ना होत, ताई, जास्ती बोलल्याचा?" संघपालला फोनवर कळलं तेव्हा तो चिडला. "कशाला बोलत बसलीस गावभर? इतकी वर्षं झाकलं होतं ना आपण?"

"तू झाकलं होतंस, दादा. मी नुसती गप बसले होते."

अस्तर पहिले काही दिवस दारू प्यायल्यासारखी चालायची. उडी मारायला जायची आणि निम्म्यातून खाली पडायची. वंदनानं पलंगाच्या कडेला उशा लावल्या. गोळी द्यायची म्हणजे एक लढाईच. दुधात घातली, वास घेऊन सोडून दिली. दह्यात घातली, दही चाटलं आणि चतकोर तुकडा बाजूला काढून ठेवला. शेवटी बाजारातून सुकट आणलं, थोडं कुटून त्याच्या गोळ्यात औषध दडपलं, तेव्हा कुठं गिळलं. वंदनाच्या सगळ्या बिऱ्हाडाला सुकटाचा वास सुटला. लग्नाच्या ब्लाउजांना लागू नये म्हणून ती कपडे आधी प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवायची आणि मगच डबा उघडायची.

पावसाळा सरता सरता फिटा विरळ झाल्या. जालन्याच्या फेऱ्या झाल्या, डोस थोडा वाढला. भिंतीकडे बघणं थांबलं. अस्तर पुन्हा मशीनच्या आवाजात झोपायला लागली, जरा जाड झाली.

दिवाळीनंतर मोनालीचं लग्न ठरलं. मोनाली म्हणजे संघपालची मुलगी, वंदनाची एकुलती एक भाची. लग्न पुण्याला. मोनालीनं स्वतः फोन करून सांगितलं, "आत्या, तू यायचंच. माझा ब्लाउज तूच शिवायचा आणि तूच घेऊन यायचा." वंदनानं तो ब्लाउज असा शिवला की स्वतःलाच त्याच्यावरची नजर काढवेना. जायचं तर चार दिवस तरी जाणार, आणि मांजरीची गोळी एक दिवसही चुकवायची नव्हती. पुण्याच्या बसमध्ये, लग्नाच्या हॉलमध्ये, अनोळखी घरात तिला नेणं शक्य नव्हतं. संघपाल तर आधीच म्हणाला होता, मांजरबिंजर आणू नकोस.

ती उषाबाईकडे गेली. सुकटाचा डबा, मोजून तोडलेले तुकडे, सगळं बरोबर घेऊन. "मावशी, सकाळ-संध्याकाळ एवढंच. ती स्वतः खाते आता. हात पण लावावा लागत न्हाई."

उषाबाईनं डब्याकडे पाहिलं. "न्हाई होणार ताई माझ्याच्यानं. मला भ्या वाटतं. मी नसतानी तिला काही झालं, म्हंजे..." ती थांबली. "खोटं कशाला बोलू. मला बघवतच न्हाई ते."

वंदनाला राग आला नाही. बघवत नाही, हे तिला आता पटत होतं. तिनं ब्लाउज कुरिअरनं पाठवला. संघपाल फोनवर म्हणाला, "मांजरीपायी? सख्ख्या भाचीच्या लग्नाला मांजरीपायी येत न्हाईस?" पण त्याच्या आवाजात तिला कुठंतरी सुटकाही ऐकू आली. आधीच्या एका लग्नात त्यानंच तिला म्हटलं होतं, वंदे, तू मागं बस, पुढं लाइटांचा त्रास होईल. तिनं "शुभेच्छा सांग पोरीला" म्हणून फोन ठेवला.

लग्नाच्या दिवशी तिनं दुकान उघडलं नाही. नवीन साडी नेसली, का ते तिलाही सांगता आलं नसतं. दुपारी मोनालीनं व्हिडिओ कॉल केला. पाठीमागे गलका, बुद्धवंदनेचे सूर, पांढऱ्या साडीवर तो ब्लाउज. "आत्या, सगळ्या विचारतायत कुणी शिवला!" मोबाइल दुसऱ्याच कुणाच्या हातात गेला, छत दिसलं, मग पंखा, मग बंद. वंदना हातात मोबाइल धरून बसून राहिली. पुन्हा येईल म्हणून. आला नाही.

तेवढ्यात अस्तर पलंगावरून खाली उतरली, दोन पावलं चालली आणि कोसळली.

वंदनानं घड्याळ पाहिलं, सामान सरकवलं, खिडकी झाकली. आता हातांना ठाऊक झालं होतं. ती फरशीवर हातभर अंतरावर बसली आणि हलक्या आवाजात बोलत राहिली. "हाय मी. हाय इथं. होऊ दे." मांजरीला ऐकू येत नसणार, हे तिला सगळ्यांपेक्षा चांगलं माहीत होतं.

दारात सावली पडली. उषाबाई होती. हातात लाडवाची वाटी. नातवाचं काहीतरी होतं म्हणून देत फिरत असावी. ती परत फिरली नाही. पदर तोंडाशी नेला खरा, पण तिथंच उभी राहिली आणि शेवटपर्यंत पाहत राहिली. पाय मंदावले, धाप लागली, मांजर उठून भिंतीला अडखळत पलंगाखाली गेली. वंदनानं पुन्हा घड्याळ पाहिलं. फार वेळ गेला नव्हता.

"तुम्हाला बी असंच व्हायचं?" उषाबाईनं दारातूनच विचारलं.

"असंच असणार. मी कधी बघितलं न्हाई."

"आन् परत आलं तर? एकटीच तर असता."

"गोळी घेते, मावशी. बरीच वर्षं झाली आता. आलं तर... आलं तर कुशीवर वळवायचं आणि कात्री बाजूला करायची. तोंडात काही घालायचं न्हाई. बाकी काही न्हाई करायचं."

"कांदा?"

"न्हाई. कांदा बी न्हाई."

उषाबाईनं ते मनात घोळवल्यासारखं केलं. मग वाकून वाटी उंबऱ्याच्या आत ठेवली. "मंग रातच्याला दाराची कडी लावत जाऊ नका आतून. नुसतं लोटून ठिवा. आम्ही कसं यावं आत, काही झालं तर?" वंदना काही म्हणायच्या आत ती गेली.

वंदनानं फरशी पुसली. बऱ्याच वेळानं अस्तर पलंगाखालून बाहेर आली, भुकेजलेली. तिनं वंदनाच्या हाताचा वास घेतला, मग तोंडाकडे पाहिलं, आणि यावेळी त्या डोळ्यांत ओळख होती. वंदनानं तिला सुकट दिलं. स्वतः एक लाडू खाल्ला. साडी बदलायची तिला आठवणच राहिली नाही.

दुपारचा चहा पुन्हा सुरू झाला नाही. उषाबाई गल्लीत भेटली की "बरी हाय का?" विचारायची, मांजर की वंदना, ते कळायचं नाही. साक्षी परतूरला दुसऱ्या क्लासला जायला लागली, असं वंदनाच्या कानावर आलं. अस्तरला अजूनही अधूनमधून फिट येते. महिने जातात, वाटतं संपलं, आणि मग येते. वंदना शेजारी बसते, कुणाला हाक मारत नाही. दाराला मात्र ती आता आतून कडी लावत नाही. नुसतं लोटलेलं असतं. अजून तरी कुणी ते ढकलून आत आलेलं नाही.